मिरीसारखी कुत्री कुठे मिळते, असे विचारणाऱ्यांसाठी

गेल्या रविवारी मी आमच्या मिरीचा एक फोटो येथे टाकला होता. दवाने भिजलेली दाढी, चिखलाने माखलेले पाय आणि तोंडात अलगद धरलेला जिवंत रॅबिट, म्हणजे बिळात राहणारा इकडचा ससा. तो पाहून इंग्लंडमध्ये राहणाऱ्या सहा-सात मराठी मंडळींनी ही कोणती जात, पिल्लू कुठे मिळेल, घरात लहान मुले असतील तर चालेल का, अशी चौकशी केली. दोघांनी मात्र, सशाचा जीव घेणाऱ्या कुत्रीचे कौतुक कसले करता, असे रागाने विचारले. दोन्ही प्रश्नांना दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मिरी ही कोणत्याही जातीची कुत्री नाही. ती लर्चर आहे, म्हणजे नजरेने सावज टिपून वेगाने गाठणारे शिकारी कुत्रे आणि कामाचे कुत्रे यांचा जाणीवपूर्वक केलेला संकर. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबाच्या यादीत लर्चर नाही, त्याची ठरावीक उंची नाही, ठरावीक रंग नाही. मिरीचा बाप ग्रेहाउंड, म्हणजे शर्यतीत धावणारा सडपातळ कुत्रा, आणि आई बिअर्डेड कोली, म्हणजे मेंढ्या हाकणारी दाढीवाली कुत्री, जिला इकडे सगळे बिअर्डी म्हणतात. बापाकडून लांब पाय, खोल छाती आणि वेग आला. आईकडून दाढी, राठ केस आणि विचार करून वागण्याची सवय आली. मिऱ्याच्या रंगाची, म्हणून मिरी.

तिच्या अंगावरच्या केसांविषयी थोडे सांगायला हवे, कारण बहुतेकांना भुरळ पडते ती त्या केसांची. बिअर्डीच्या अंगावर लांब केस असतात आणि तोंडावर दाढी-मिशा. यांपैकी लांब केसांचा गुण अप्रभावी, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसणारा, तर दाढी-मिशांचा प्रभावी, म्हणजे एकाकडून आला तरी दिसणारा, असे आनुवंशशास्त्र सांगते. कुत्र्यांच्या केसांमागची ही जनुके २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाली. त्यामुळे बिअर्डी आणि ग्रेहाउंड यांच्या पहिल्या पिढीत अंगावर आखूड, राठ केस आणि तोंडावर दाढी असे पिल्लू जन्मते, आणि करवंदीच्या जाळीसारख्या इकडच्या काटेरी झुडपांत शिरणाऱ्या कुत्र्याला नेमके तेच हवे असते. नुसत्या ग्रेहाउंडची पातळ कातडी तारेच्या कुंपणाला लागताच कागदासारखी फाटते. पुढच्या पिढ्यांत मात्र हे गुण पुन्हा विखुरतात आणि एकाच वेतात गुळगुळीत, राठ आणि लोकरीसारखी, अशी तऱ्हेतऱ्हेची पिल्ले निघतात.

आता माझे मुख्य म्हणणे. बिअर्डी लर्चर घ्यायचा असेल, तर ग्रेहाउंडपेक्षा बिअर्डीची चौकशी अधिक करा. प्रदर्शनात दिसणारी बिअर्डी आणि डोंगरावर मेंढ्या हाकणारी बिअर्डी यांच्यात आता फार अंतर पडले आहे. १९४४ साली विलिसन नावाच्या बाईंनी शेटलंड शीपडॉग या वेगळ्या जातीचे पिल्लू मागवले आणि त्यांच्या हाती बिअर्डीचे पिल्लू आले. त्या कुत्रीचे नाव जीनी. आजच्या प्रदर्शनातील बिअर्डींचा वंश मोठ्या प्रमाणात जीनी आणि विलिसनबाईंच्या आणखी मोजक्या कुत्र्यांपर्यंत जाऊन पोहोचतो. त्या बाईंचे उपकार मोठे आहेत, यात शंका नाही. परंतु प्रदर्शनासाठी पैदास करताना केस जमिनीपर्यंत वाढत गेले आणि कामाची पारख मागे पडली. दुसरीकडे स्कॉटलंडच्या आणि उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागातील मेंढपाळांनी आपल्या बिअर्डी केवळ कामावरून निवडल्या. मिरीची आई अशीच, उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या ईडन नदीच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाकडची. ती पावसात चारशे मेंढ्या एकटीने डोंगरावरून खाली आणताना मी पाहिली आणि त्याच दिवशी तिच्या पुढच्या वेतातील एक पिल्लू मागून ठेवले. ज्या आईला मेंढीसमोर उभे राहण्याचे धैर्य नाही, तिच्या पिल्लांत बिअर्डीचे रूप येईल, बिअर्डी येणार नाही.

बॉर्डर कोली ही मेंढ्या हाकणारी दुसरी जात आणि बिअर्डी यांच्या कामाच्या पद्धतीतही फरक आहे, आणि तो लर्चरमध्ये उतरतो. बॉर्डर कोली खाली वाकून, दबकत, डोळ्याने मेंढी रोखते. बिअर्डी ताठ उभी राहून अंगाने आणि आवाजाने कळप रेटते. म्हणून बिअर्डी संकरात मला धीटपणा अधिक आढळला, झुडपात मुसंडी मारण्याची तयारी अधिक आढळली, पण त्याबरोबर हट्ट आणि आवाजही आला. सावजामागे भुंकत धावणे हा लर्चरचा मोठा दोष, कारण एका भुंकण्याने शेतातले सगळे रॅबिट बिळात पळतात. मिरी वर्षाची असताना दोनदा अशी भुंकली. मी तिला दोन्ही वेळा शांतपणे घरी आणले आणि पुढचे चार महिने तिला धावणाऱ्या रॅबिटमागे सोडले नाही. ती पुन्हा भुंकली नाही.

हा संयम मी फार मोठी किंमत देऊन शिकले. मिरीच्या आधी माझ्याकडे ढवळ्या होता, तीन हिस्से ग्रेहाउंड आणि एक हिस्सा बिअर्डी. अत्यंत वेगवान. तो नऊ महिन्यांचा असताना मी त्याला रात्री दिव्याच्या उजेडात रॅबिटमागे सोडले, कारण सोबतच्या माणसांची कुत्री धावत होती आणि ढवळ्याचा वेग त्यांना दाखवावा असे मला वाटले. त्या वयात हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते आणि अंधारात कुंपणाचा अंदाज घेण्याइतकी समजही आलेली नसते. तो तारेवर पूर्ण वेगाने आदळला. खांदा जुळून आला, पण तो पुन्हा कधी मोकळेपणाने धावला नाही. पुढची दहा वर्षे तो घरात माझ्या पायाशी राहिला आणि त्याला लंगडताना पाहिले की ती रात्र मला आठवत असे. म्हणून सांगते, बिअर्डी संकर उशिरा पिकतो. दीड वर्षापर्यंत त्याला हाक ऐकणे, कुंपण ओलांडणे, मेंढ्यांमधून मान न वळवता चालणे आणि वस्तू हातात आणून देणे एवढेच शिकवावे. जे लोक वर्षाच्या आत कुत्रे निकामी ठरवून दुसऱ्याच्या गळ्यात बांधतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून राग येतो.

काम पाहायचे तर हिवाळ्यात फेरेटबरोबर पाहावे. फेरेट हा मुंगसाच्या बांध्याचा, पाळीव, लांबोडका प्राणी; तो बिळात सोडला की आतले रॅबिट बाहेर पळतात. पण त्याआधी बिळात कोणी आहे की नाही, हे मिरी सांगते. ती एकेका तोंडाशी जाते, वास घेते आणि बीळ रिकामे असेल तर मागे न पाहता पुढे जाते. आत कोणी असेल तर तिचे कान पुढे येतात, पुढचा एक पाय किंचित उचलला जातो आणि ती दगडासारखी स्थिर होते. त्यानंतर मी बिळाच्या तोंडांवर जाळी लावते, रॅबिट आदळला की बटव्यासारखी आवळणारी, आणि मिरी आपणहून दहा पावले मागे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जाळी नसलेले तोंड दिसेल अशा जागी जाऊन बसते. ही जागा मी तिला कधी शिकवलेली नाही. कळपाची कोणती बाजू उघडी पडणार हे आधी ओळखण्याची तिच्या आईची बुद्धी येथे वेगळ्या कामाला लागते. निसटलेला रॅबिट ती क्वचितच शंभर पावलांच्या पुढे जाऊ देते, आणि दात न रुतवता माझ्या हातात आणून देते. त्यानंतर तो एका झटक्यात, वेदना न देता संपवणे ही माझी जबाबदारी.

रागावलेल्या दोघांना येथेच उत्तर देते. मराठीत आपण दोघांनाही ससा म्हणतो, पण इकडे रॅबिट आणि हेअर हे वेगळे प्राणी आहेत. हेअर उघड्या माळावर राहतो, बीळ खणत नाही. त्याच्यामागे कुत्री सोडणे इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने, म्हणजे फेब्रुवारी २००५ पासून, बंद आहे आणि ते योग्य आहे. तरीही पैजा लावून हेअरमागे लर्चर सोडणाऱ्या टोळ्या शेतांत घुसतात. २०२२ साली त्यांच्यासाठीची शिक्षा अधिक कडक झाली, याचा मला आनंद आहे, कारण त्यांच्यामुळे प्रत्येक लर्चरवाल्याकडे संशयाने पाहिले जाते. रॅबिटची गोष्ट निराळी. तो कोवळे पीक खातो, बांध पोखरतो, आणि १९५४ च्या कायद्यानुसार त्यांचा बंदोबस्त करणे हे जमीन कसणाऱ्याचे कर्तव्य आहे. जमीनमालकाची परवानगी असेल तर कुत्र्याने रॅबिट धरणे कायदेशीर आहे. मी नेहमी परवानगी घेऊनच जाते, पिल्ले होण्याच्या हंगामात जात नाही आणि धरलेला प्रत्येक रॅबिट कोणाच्या तरी ताटात जातो.

माझे आजोबा जत तालुक्यातले. त्यांच्याकडे कारवानी ही आपल्याकडची शिकारी कुत्री असे, सडपातळ आणि तापट. आपल्याकडे वन्यजीव कायद्यानुसार सशाची शिकार बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे. पण कुत्र्याच्या बरगड्या चाचपून त्याची तब्येत सांगणारे आजोबांचे हात मी पाहिले आहेत, आणि मिरीला जोखताना माझे हात आपसूक तसेच फिरतात.

पाळण्याविषयी थोडे. हे कुत्रे मुलांशी अतिशय मायेने वागते, पण रिकामे बसू शकत नाही. रॅबिट आजारांमुळे अनेक ठिकाणी कमी झाले आहेत, आमच्या खोऱ्यातील काही शेतांत आता एकही उरलेला नाही, त्यामुळे काम मिळणार नसेल तर रोजचे दोन तास मोकळे चालणे आणि शोधण्याचे खेळ हे द्यावेच लागतील. दाढीत आणि बोटांच्या बेचक्यात कुसळे अडकतात. ती रोज संध्याकाळी काढली नाहीत तर आत शिरून पू होतो. पशुवैद्याला दोन गोष्टी आधी सांगाव्यात. ग्रेहाउंडच्या रक्तामुळे भुलीची काही जुनी औषधे शरीरातून लवकर उतरत नाहीत, आणि कोलीच्या रक्तातून आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशक औषधांचा त्रास होण्याचा जनुकीय दोष येऊ शकतो, त्याची साधी चाचणी होते.

किंमत विचारणाऱ्यांना मी आकडा सांगणार नाही. मिरी आता नऊ वर्षांची आहे आणि तिची पिल्ले नाहीत. मात्र तिच्या आईच्या नातीला या हिवाळ्यात पिल्ले होणार आहेत. ज्यांना खरोखर हवे आहे त्यांनी नोव्हेंबरात, पानगळ झाल्यावर, एक शनिवार काढून येथे यावे, आधी ती नात डोंगरावर काम करताना पाहावी आणि मग दिवसभर मिरीबरोबर चालावे. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट सोबत आणावेत. पोहे आणि चहा माझ्याकडे.