दोनदा की दर दोन तासांनी? आधी डब्यावर तारीख घाला

वजनाचा विषय निघाला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पक्ष पडतात. दादा दीक्षितांच्या बाजूने. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात तसं दिवसातून दोनदाच, खरी भूक लागेल तेव्हा जेवायचं आणि ५५ मिनिटांत ताटावरून उठायचं. वहिनी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या बाजूने. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, भाताला आणि तुपाला घाबरू नका, कॅलरी मोजत बसू नका. बारा वर्षं मी इंग्लंडमध्ये आहे, त्यामुळे दोन्हीकडून एकच वाक्य ऐकू येतं : “तुमच्याकडे काय बाई, सगळं मोजूनमापून मिळतं.”

मिळतं खरं. इथे पाकिटामागे दर १०० ग्रॅमला किती ऊर्जा ते लिहिलेलं असतं, आणि एप्रिल २०२२ पासून २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या हॉटेलांना मेन्यूवरही कॅलरी छापाव्या लागतात. (भारतातही दहा किंवा अधिक शाखांच्या हॉटेलांना त्याच वर्षापासून असा नियम लागू आहे.) पण लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या कायद्याच्या आधी आणि नंतर ग्राहकांची पाहणी केली, तेव्हा लोकांनी मागवलेल्या आणि खाल्लेल्या कॅलरींत लक्षणीय घट दिसली नाही. मला यात आश्चर्य वाटलं नाही. माझंच वजन या छापील आकड्यांच्या देशात सत्तरवरून ८४ किलोवर गेलं होतं. कारण मी हॉटेलात महिन्यातून दोनदा जेवत होते आणि घरात रोज. घरच्या कढईवर कोणी आकडा छापत नाही.

म्हणून मी स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला आणि तीन आठवडे काहीही न सोडता फक्त लिहून काढलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले आहेत. त्यात ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, सगळं कच्च्या रूपात सापडतं. बाकीचं बेरजेचं काम. मला खात्री होती की दोष भाताचा निघेल. निघाला तेलाचा. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. भाजीच्या फोडणीत मी “अंदाजाने” घालत होते ते तीन चमचे भरत होतं. आमटीची फोडणी वेगळी, पोळीला लावायचं वेगळं.

दुसरा धक्का उपासाचा. साबुदाणा ६० ग्रॅम, दाण्याचं कूट ३० ग्रॅम, तूप एक मोठा चमचा, थोडा बटाटा : एका बशीत पाचशेच्या वर कॅलरी. माझं एरवीचं जेवण, दोन पोळ्या, भाजी, आमटी, थोडा भात, याच्याच आसपास येत होतं. आणि खिचडीनंतर मी तासाभरात पुन्हा काहीतरी खात होते, कारण उपास होता ना, पोट भरलंय असं मानायला मन तयार नव्हतं.

अकरा महिन्यांत मी ८४ वरून ७३ वर आले. एक किलो चरबीमागे ढोबळपणे ७,७०० कॅलरी धरतात. त्या हिशेबाने रोजची तूट अडीचशेची पडते. दोन मोठे चमचे तेल. एवढ्यासाठी मला ना भात सोडावा लागला, ना रात्रीचं जेवण.

मग दोनदा खायचं की दर दोन तासांनी? चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ स्थूल माणसांवर झालेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना कॅलरी सारख्याच मर्यादेत दिल्या. निम्म्यांनी त्या सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खायच्या होत्या. वर्षअखेर दोन्ही गटांचं वजन उतरलं, आणि त्यांच्यातला फरक लक्षणीय नव्हता. दोनदा जेवून दादाचं वजन उतरलं ते खरंच आहे. पण मधला चहा-बिस्किटांचा आणि संध्याकाळच्या फरसाणाचा रतीब बंद झाला, हे तो हिशेबात धरत नाही. आणि वहिनीचं म्हणणंही मला पटतं, की अन्नाची भीती वाटू नये. ज्यांचं खाण्याशी नातं आधीच दुखावलेलं आहे, त्यांनी काटा घरात आणूच नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करू नये. वाढत्या मुलांच्या ताटात तर कोणी आकडे मोजू नयेत.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. दक्षिण आशियाई माणसाला कमी वजनातच मधुमेहाचा धोका सुरू होतो. म्हणून इथले डॉक्टरही आपल्यासाठी स्थूलतेची रेघ ३० ऐवजी २७.५ बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) आणतात, आणि भारतात ती २५ वर आहे. एवढं पुढ्यात असताना आपण पद्धतींवरून भांडतो आणि किती खाल्लं हे कोणीच सांगू शकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तेल दहा टक्के कमी करा असं आवाहन केलं. ग्रुपवर अंगठे पडले. मी विचारलं, दहा टक्के कशाचे? आपण महिन्याला तेल किती वापरतो? कोणालाच माहीत नव्हतं.

मागच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा काटा नेला नाही. आईला ताटात वजन केलेलं चालणार नाही, आणि मला तिचं मन मोडायचं नव्हतं. वहिनीला एवढंच म्हटलं, “तेलाचा नवा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख घाला.” पाच लिटरचा डबा चार माणसांना तीस दिवस पुरला. माणशी रोज जवळजवळ ४२ मिलिलिटर, साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. वहिनींनी तो आकडा दोनदा ताडून पाहिला. मग स्वतःच फोडणीसाठी चमचा लावला आणि तेलाची बुधली मागच्या फळीवर ठेवली.

परवा त्यांनी फोटो पाठवला. रिकामा डबा, वर मार्करने दोन तारखा. मध्ये तेहतीस दिवस.