अंगावरून वारं गेलेलं माणूस आणि घरातला संध्याकाळचा हरिपाठ

घरातल्या कर्त्या माणसाच्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे पक्षाघाताचा झटका आला, की पहिले आठ-दहा दिवस सगळे धावतात. कुणी दवाखान्यात रात्र काढतं, कुणी तुळजापूरला नवस बोलतं, कुणी पारायणाला बसतं. घराचा खरा कस लागतो तो डिस्चार्जनंतर. पाहुणे पांगतात आणि सगळा भार एका बाईवर येतो, बायकोवर नाहीतर सुनेवर. अशा वेळी श्रद्धेचा आधार होतो का? माझ्या मते होतो, पुष्कळ होतो. पण तो नवसापेक्षा रोजच्या ठरलेल्या वेळेतून जास्त मिळतो.

संध्याकाळी दिवाबत्ती, आरती, हरिपाठ जे काही होत असेल ते आजारपणात बंद करू नका. आणि पेशंटला आतल्या खोलीत ठेवून तर मुळीच करू नका. त्याला हातांच्या खुर्चीत बसवा. पाठ टेकलेली, दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण लागलेले, मांडीवर उशी आणि उशीवर लुळा हात. खुर्चीत घेताना तो हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा जागेवरून सरकतो आणि पुढे महिनोन्‌महिने ठणकतो. कसं उठवायचं ते फिजिओथेरपिस्टकडून घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावं. टाळी वाजवता येत नसेल तर चांगल्या हाताची बोटं लुळ्या हाताच्या बोटांत गुंफून ठेक्यावर दोन्ही हात सावकाश वर-खाली करू द्यात. नुसता व्यायाम म्हटला की जो माणूस तोंड फिरवतो, तो अभंगाच्या ठेक्यावर हात हलवतो.

उजवी बाजू गेली असेल तर बरेचदा वाचाही जाते. ‘पाणी’ म्हणता येत नाही, सुनेचं नाव ओठांवर येत नाही. आणि तोच माणूस आरती सुरू झाली की शब्द म्हणू लागतो! घरच्यांना हा चमत्कार वाटतो. बोलण्याचं काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या भागाचं. चाल आणि ठेका यांत उजव्या भागाचाही मोठा वाटा असतो, आणि लहानपणापासून पाठ असलेलं तर सहज ओठांवर येतं. याचा उपयोग करून घ्या. चाल संथ ठेवा, ओळीचा शेवटचा शब्द सोडून थांबा, त्याला पुरा करू द्या. आला नाही तर आपण म्हणा, रागावू नका. स्पीच थेरपी मात्र याच्या जोडीला हवीच.

आता ज्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही ती सांगतो. प्रसाद. गिळण्याची ताकद कमी झालेली असते तेव्हा सगळ्यांत धोक्याचं असतं ते पातळ पाणी, म्हणजे तीर्थसुद्धा. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे तसेच. पाणी पिताना ठसका लागतो, खाल्ल्यावर आवाज ओलसर, घरघरता येतो, ही खूण समजा: घास श्वासनलिकेकडे जातोय, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. डॉक्टरांनी गिळणं तपासून परवानगी दिली असेल तर मऊ शिऱ्याचा अर्धा चमचा द्या, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली. त्यानंतर अर्धा तास आडवं करू नका. परवानगी नसेल तर तीर्थाचं बोट कपाळाला लावा. देव रागावत नाही.

एकादशीला ‘उपाशीपोटी नको’ म्हणून ब्लडप्रेशरची गोळी चुकवणं हा तर जिवाशी खेळ आहे. उपास घरच्यांनी करावा, पेशंटची गोळी ठरल्या वेळी जावी. कबुतराच्या रक्ताने मालिश करा म्हणणारे अजूनही भेटतात. त्याने काहीही होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगाने होते आणि नेमका तोच काळ अशा फेऱ्यांत जातो. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली, तर अंगारा लावत बसू नका. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं.

हरिपाठ झाला की सगळे तिथेच दहा मिनिटं बसा. एक वही ठेवा: प्रेशर किती, गोळ्या दिल्या का, शौचाला झालं का, पाठीवर कुठे लाल चट्टा दिसतो का. पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. हे एका बाईच्याने होत नाही. अकरा, एक, तीन, पाच या वेळा कोण घेणार ते तिथेच नावानिशी ठरवा. मुलगा पुण्याला असेल तर शनिवार-रविवारच्या दोन्ही रात्री त्याच्या. तो फोनवरून विचारपूस करतो ही मदत नव्हे. जो देव मानत नाही त्यानेही या दहा मिनिटांना हजर राहावं.

आणि पेशंटसमोर ‘भोग असतात’, ‘वारी चुकली म्हणून झालं’ असलं काही बोलू नका. झटक्यानंतर जवळपास तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. जेवण टाकलं, रडू आवरेना, व्यायामाला नकार, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

पैशाचं म्हणाल तर दाखल करतानाच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) भेटून उपचार सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात का ते विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. धर्मादाय हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.