गिटार कुठाय?

काल संध्याकाळी शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. मध्यंतरानंतर निवेदकानं आवाजात मध घालून जाहीर केलं, "आता ऐकूया, दुर्मीळ झालेली हवाईयन गिटार!" टाळ्या पडल्या. कीबोर्डवाल्या पोरानं एक बटण दाबलं, डावा हात सूर वरखाली सरकवायच्या चाकावर ठेवला आणि सुरू झाला. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या टोपीतले एक आजोबा, ऐंशीच्या पुढचे असावेत, मान वाकडी करकरून स्टेजवर काहीतरी शोधत होते. शेवटी शेजारच्या नातवाला जरा मोठ्यानंच म्हणाले, "गिटार कुठाय रं?"

नातू म्हणाला, "आजोबा, त्यातच हाय ती."

त्यातच हाय ती! कालपासून हे वाक्य डोक्यात ठोके देतंय. नाही ती त्यात. नव्हती कधी.

ज्यांना प्रश्न पडलाय की एवढं काय बिघडलं, त्यांच्यासाठी आधी वाद्य. ही गिटार आडवी, मांडीवर ठेवतात. तारा पडद्यांपासून (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या) साधारण सेंटिमीटरभर वर उचललेल्या असतात, त्यामुळं बोटानं दाबायचा प्रश्नच येत नाही. डाव्या हातात पोलादी बार, तो तारांवर नुसता टेकवायचा. जोर दिला की तार पडद्याला लागते आणि खर्रर्र होतं. उजव्या अंगठ्यात एक नखी, दोन बोटांत दोन. हिला स्टील गिटारही म्हणतात, आणि 'स्टील' हे नाव त्या बारवरून आलंय, तारांवरून नाही. हे ध्यानात ठेवा, खाली लागणार आहे.

पडदे इथं फक्त खुणेला. बार बरोबर पडद्याच्या डोक्यावर आला तर सूर लागतो, दोन मिलिमीटर अलीकडं राहिला तर बेसूर. साडेबावीस इंच तारेच्या वाद्यावर पहिला पडदा नटपासून, म्हणजे तारा सुरू होतात त्या टोकाच्या पट्टीपासून, सव्वातीन सेंटिमीटरवर असतो. बाराव्याच्या पुढं हे अंतर निम्मं होतं, म्हणजे चुकीला जागाही निम्मी. वर बारच्या मागं मोकळ्या राहिलेल्या तारा गुणगुणत बसतात, त्यांना डाव्या हाताच्या मागच्या बोटांनी गप्प करावं लागतं. हे जमलं नाही की कुत्रं रडल्यासारखं वाजतं, हे मला मान्य आहे. बऱ्याच लोकांनी आयुष्यात तेवढंच ऐकलंय.

आता कीबोर्डचं चाक. ते फिरवलं की दाबलेले सगळे सूर एकत्र आणि सारखेच सरकतात. बहुतेक कीबोर्डवर ते मुळात दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली एवढंच जातं. स्टीलवाला बार तिरका धरतो. मग एक तार जास्त चढते, दुसरी कमी, आणि दोन सुरांमधलं नातंच बदलतं. पेडल स्टीलमध्ये, म्हणजे पायानं दाबायची पेडलं जोडलेल्या स्टीलमध्ये, तर याच्याही पुढचं. दहा तारांचं ई नाइन ट्यूनिंग (तारा सुरात लावायची एक पद्धत) घ्या. तिसऱ्या पडद्यावर बार ठेवला की जी मेजर ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर. हात न हलवता पहिली दोन पेडलं दाबली की दोन सूर चढतात, तिसरा जागचा हलत नाही, आणि कॉर्ड होते सी. एक सूर खांबासारखा उभा आणि दुसरे त्याच्या अंगावरून वर सरकतायत, हा आवाज एका चाकातून निघायचा नाही. तुम्ही कितीही महागडा कीबोर्ड आणा.

आणि हे आपल्याला समजावून सांगायला लागावं? ज्या गावात अल्लादियाखाँसाहेब राहिले, गायले, शिकवून गेले, त्या कोल्हापूरला मींड म्हणजे काय ते सांगायचं? दोन सुरांच्या मधल्या वाटेवर काय काय होतं ते ऐकणारे कान या गावाला होते. काल त्याच गावातल्या तीनशे लोकांनी चाक फिरवल्यावर टाळ्या वाजवल्या. मी पण दोन वाजवल्या, सवयीनं.

असो. कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये एक गृहस्थ म्हणाले, "छान होतं, पण हे जरा लिफ्टमधलं म्युझिक वाटतं ना?" साहेब, लिफ्टमध्ये वाजतं ती त्याचीच नक्कल असते. नक्कल ऐकून अस्सलाला नावं ठेवायची ही कुठली पद्धत?

अस्सल कुठं मिळतं ते सांगतो. इंटरनेट रेडिओवर. चोवीस तास, फुकट. रेडिओचं आणि स्टील गिटारचं नातं तसं जुनं आहे. हवाईतल्या वायकीकीच्या मोआना हॉटेलातून १९३५ साली 'हवाई कॉल्स' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, शॉर्टवेव्हनं अमेरिकेत जायचा, तो थेट १९७५ पर्यंत चालला. निम्म्या जगानं हे वाद्य आधी रेडिओत ऐकलं, डोळ्यांनी मागाहून पाहिलं. आपल्याकडं ते कलकत्त्यामार्गे रुजलं. टाऊ मो हे हवाईयन वादक चाळीसच्या दशकात कुटुंबासकट कलकत्त्यात राहिले, शिकवलं, वाजवलं. पुढं तिथंच सुनील गांगुली, बटुक नंदी, काझी अनिरुद्ध अशी मंडळी तयार झाली. मुंबईत व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग होते. यांच्या सिनेसंगीताच्या रेकॉर्डी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत लागायच्या. नाव कोणी सांगायचं नाही, पण घराघरात त्या धून पाठ होत्या.

ते आजोबा बहुतेक त्याच पिढीतले. आणि एक गोष्ट माझ्या रात्री उशिरा लक्षात आली. ते वर, माणसांच्या तोंडाकडं किंवा कीबोर्डच्या स्टँडकडं बघत नव्हते. बसलेल्या वादकांच्या मांडीवर बघत होते. म्हणजे त्यांनी ती कधीतरी समोर बसून पाहिलेली होती. कुठं शोधायची ते त्यांना बरोबर माहीत होतं.

चला, कामाचं बोलू. सर्चमध्ये नुसतं 'स्टील गिटार' टाकलंत की निम्म्या वेळा पोलादी तारांची साधी उभी गिटार पुढ्यात येते. मघाशी ध्यानात ठेवा म्हटलं ते यासाठी. इंग्रजीत 'हवाईयन स्टील', 'लॅप स्टील', 'पेडल स्टील' असं टाका. रेडिओ ब्राउझर नावाची खुली यादी आहे, तिथं देशावरून आणि प्रकारावरून शोधता येतं. नुसता 'हवाईयन' प्रकार निवडलात तर गाणी आणि युकुलेले (छोटं चार तारांचं वाद्य) जास्त येतील. घाई करू नका. गायक श्वास घेतो त्या जागेत कान लावा, स्टील तिथं असते, आपल्या भावगीतात दोन ओळींच्या मध्ये बासरी येऊन जाते तशी. पेडल स्टील हवी तर अमेरिकन कंट्री स्टेशनं बघा. नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम, जिथून १९२५ पासून 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम लागतो, ते नेटवर थेट ऐकता येतं. रागदारी हवी असेल तर हिंदुस्थानी शास्त्रीयच्या स्टेशनांवर जा आणि ब्रिजभूषण काब्रा हे नाव शोधा. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डमधलं संतूर आणि बासरी सगळ्यांना आठवते, तिसरं वाद्य काब्रांची गिटार होती हे विसरतात. ते बार धरूनच वाजवायचे.

वेळेचं गणित. हवाई आपल्या साडेपंधरा तास मागं. तिथली शनिवार संध्याकाळ सहा म्हणजे आपल्याकडं रविवार सकाळ साडेनऊ. नॅशव्हिल उन्हाळ्यात साडेदहा तास मागं, हिवाळ्यात साडेअकरा, कारण ते घड्याळं पुढंमागं करतात. तिथं शनिवारी रात्री सातला जे लागतं ते आपल्याला रविवारी पहाटे साडेपाचला मिळतं, हिवाळ्यात साडेसहाला. रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांना हे सोयीचं आहे.

स्टेशन क्लिक केलं आणि वाजलं नाही, ही पहिली तक्रार येणार. बऱ्याच जुन्या स्टेशनांचा पत्ता नुसत्या एचटीटीपीचा असतो, मागं एस नसतो. हल्लीचे ब्राउझर त्याला अडवतात. अशा वेळी एम-थ्री-यू किंवा पीएलएस नावाची चिमुकली फाइल उतरवून घ्या, नोटपॅडमध्ये उघडा. आत पत्त्याची एक ओळ असते, ती व्हीएलसी नावाच्या प्लेअर ॲपच्या 'नेटवर्क स्ट्रीम'मध्ये चिकटवा. बहुतेक वेळा वाजतं. दहा मिनिटांनी फोनचा पडदा बंद झाला की आवाज तुटतो, ही दुसरी तक्रार. त्यात स्टेशनचा दोष नसतो. फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवतो. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरीची मर्यादा काढून टाका.

डेटा किती जातो? १२८ केबीपीएसला (हा आवाजाच्या प्रवाहाचा वेग) तासाला ५८ एमबीच्या आत. रोज दोन तास ऐकलंत तरी महिन्याला साडेतीन जीबी. रील्स बघताना एवढी काळजी कोणी करत नाही. स्टेशन दोन दर्जांत मिळत असेल तर एमपी-थ्रीचं ६४ घेऊ नका. नखीचा टोचा त्यात बोथट होतो आणि वरचे सूर पाण्याखालून आल्यासारखे हलतात. एएसी या दुसऱ्या पद्धतीचं ६४ चालतं. जुन्या रेकॉर्डी मुळात मोनोच असतात, त्यामुळं मोनो प्रवाहाला नाक मुरडू नका. तेवढेच बिट एका आवाजाला मिळतात, उलट बरंच वाजतं. जुन्या तबकड्यांची खरखर पण असू द्या. ती पुसायला गेलं की वरचे नाजूक सूरही पुसले जातात, आणि मग खरोखर लिफ्टमधलं वाटायला लागतं.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, हात जोडतो. सहा तारांच्या सी सिक्स ट्यूनिंगमधली सगळ्यात खालची तार १३१ हर्ट्झच्या आसपास बोलते. फोनच्या इवल्याशा स्पीकरला तो सूर धड पेलत नाही, वरचं किणकिण तेवढं उरतं. घरात जुना टेप किंवा होम थिएटर धूळ खात असेल ना? बाजारात एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना अशी वायर मिळते. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर मध्ये टाइप-सीचा जोड. फोनचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा, कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर करा. फोनवर कमी आणि ॲम्पवर जास्त केलंत की स्स्स्स वाढतं. बास बूस्ट, थ्रीडी, असली सगळी बटणं बंद. ब्लूटूथला माझा विरोध नाही, पण आधीच दाबलेला आवाज त्यात परत एकदा दाबला जातो. बरं, चालतं. वायर त्याहून चांगली.

लागल्यावर काय ऐकायचं? सूर कुठं पोचला ते सोडा, कसा पोचला ते बघा. बार थेट जागेवर आला की खालून घसरत आला? पोचल्यावर लगेच थरथरला की क्षणभर सरळ उभा राहून मग? चांगला वादक आधी सूर दाखवतो, मग हलवतो. मध्येच घंटेसारखा स्वच्छ आवाज आला तर तो हार्मोनिक. बारच्या पुढं बारा पडद्यांवर तळहाताची कड लावून छेडतात आणि त्याच क्षणी हात उचलतात. उचलायला उशीर झाला की नुसता ठक्क. आणि सूर तुटायला आलाय असं वाटतानाच फुगला, तर पाय व्हॉल्यूम पेडलवर आहे.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, खरं सांगायचं तर. त्या कीबोर्डवाल्या पोराचं काही चुकलं नाही. चाक त्यानं फार समजून फिरवलं, घाई केली नाही. तबला सोडून सगळी वाद्यं तो एकटाच वाजवत होता, रात्री अकरानंतर स्वतःच सगळं आवरून गेला. स्टील वाजवणारा माणूस शोधायचा, त्याला बोलवायचं, त्याचं वाद्य आणि ॲम्प्लिफायर आणायचा, हे आयोजकाला परवडत नाही, तेही समजतं. एवढंच म्हणणं आहे की निवेदकानं 'हवाईयन गिटारचा आवाज, कीबोर्डवर' असं म्हणावं. दोनच शब्द जादा. तेवढ्यानं आजोबांची मान अवघडली नसती.

(कमेंटमध्ये 'एआय आता हुबेहूब वाजवतं' असं कोणीतरी लिहिणार आहे. लिहू नका.)

आणि कोल्हापुरातल्या इलेक्ट्रिक गिटारवाल्या पोरांनो, तुम्हीही नाक वर करू नका. बाजारात आलेली पहिली यशस्वी विजेवरची गिटार रिकनबॅकरची, १९३२ सालची, ॲल्युमिनियमची, तव्यासारखी दिसायची म्हणून तिला फ्राइंग पॅनच म्हणायचे. ती मांडीवर ठेवायची स्टील गिटार होती. तुमच्या खांद्यावरच्या पट्ट्याला लटकतंय ते त्यानंतरचं. घरात पडीक गिटार असेल तर नटवर बसवायची धातूची टोपी मिळते, ती तारा उचलते. बार घ्या, बसा मांडी घालून. पहिले दोन महिने घरचे शिव्या देतील.

आता एक काम आहे. काल शाहूपुरीत तिसऱ्या रांगेत पांढऱ्या टोपीतल्या आजोबांसोबत चौकड्याच्या शर्टातला नातू होता. कोणाच्या ओळखीतला असेल तर ही पोस्ट त्याला पोचवा. स्टेशनचा पत्ता मी मेसेजमध्ये देतो, व्हीएलसी टाकून ठेव म्हणावं, आणि वायरवाला हेडफोन. रविवारी सकाळी साडेनऊ. त्या वेळी मटणाच्या दुकानापुढं रांग असते हे मलाही माहीत आहे. रांगेत तू जा, आजोबांना घरी बसू दे.