शेठचं पोट

जुलैच्या धो धो पावसात आमच्या चिरंजीवांनी सोसायटीच्या पार्किंगमधून मांजराचं पिल्लू उचलून आणलं. फासळ्या मोजून घ्याव्यात अशा, पोट मात्र टम्म. दुकानाच्या गादीवर बसावं तसं ते पोट पुढे काढून बसायचं, म्हणून नाव पडलं शेठ. (शेठ ही मुलगी आहे हे चार दिवसांनी कळलं. तोवर नाव रुळलं होतं.)

"खात्यापित्या घरचं दिसतंय," आई म्हणाली आणि तिने वाटीभर दूध पुढे ठेवलं.

शेठने वाटी लख्ख केली. पहाटे चारला त्याचा हिशेब चुकता झाला, तो सतरंजीवर, माझ्या ऑफिसच्या बॅगेवर आणि भिंतीवर दोन फूट उंचीला. पिल्लाची स्वतःची उंची चार बोटं. बारावीनंतर मी भौतिकशास्त्र सोडलं याचं तेव्हा वाईट वाटलं.

"वावडिंग उगाळून दे," आई म्हणाली. "तू असाच कळवळायचास." वरच्या काकूंचं मत पॅरासिटामॉलची पाव गोळी. नशिबाने मी आधी डॉक्टरांना फोन केला. ती गोळी मांजराला चक्क विष आहे, हे ऐकून मी काकूंकडून आलेली पाव गोळी स्वतःच घेतली. डोकं दुखतच होतं.

फोनवरच फर्मान निघालं, "येताना शीचा नमुना आणा. ताजा." ताजा म्हणजे किती, हे विचारायचा धीर झाला नाही. घरात झाकणाची एकच छोटी डबी रिकामी होती, हिंगाची. ती खिशात घालून मी शेअर रिक्षात तिसरा बसलो. मधल्या बाईंनी दोनदा हवेत नाक वर केलं आणि म्हणाल्या, "हिंग चांगला दिसतोय, कुठून घेतलात?"

डॉक्टरीणबाईंनी शेठचं तोंड उघडून दात पाहिले. "पाच आठवड्यांची असेल. दोन महिन्यांची होईपर्यंत दुधाचे सगळे दात येतील." मग पोटाकडे वळल्या. "आणि हे खाऊन आलेलं पोट नाही. जंत आहेत." मायक्रोस्कोपमध्ये त्यांनी मलाही बघायला लावलं. जाड सालीची गोल गोल अंडी, मोदकपात्रात मांडल्यासारखी. हा वारसा आईच्या दुधातूनच येतो म्हणे. शिवाय अंगावर पिसवा असल्या आणि चाटताना पिल्लाने त्यातली एखादी गिळली, तर पट्टकृमी वेगळे. आणि गाईचं दूध बंद, ते बहुतेक पिल्लांना पचत नाही.

घरी येऊन हे सांगितल्यावर आई भडकली. "मांजराला दूध पचत नाही? मग इतकी वर्षं माझ्या पातेल्यातलं चोरून काय पीत होती, चहा?"

औषधाचा डोस वजनावर. क्लिनिकमधल्या काट्यावर साडेचारशे ग्रॅम भरलं होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा डोस द्यायचा, तेव्हा वजन घरी करायचं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर शेठ बसेना, म्हणून पातेल्यात घालून, वर ताट धरून, मग पातेलं आणि ताट वजा करून आम्ही साडेसहाशे काढले. ते पातेलं आई आता वापरत नाही. औषध पिवळं, बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू सोडायचं. बायकोने टॉवेलात गुंडाळलं, मी सोडलं. निम्मं आत, निम्मं माझ्या शर्टावर. पुढच्या वेळी शर्ट काढून बसलो, तर छातीवर ओरखडे.

पण खरा प्रसंग पहिल्या डोसाच्या दुसऱ्या सकाळचा. वाळूच्या ट्रेमध्ये पांढरट, बोटभर लांब, दोन्ही टोकांना निमुळतं असं काहीतरी वेटोळं करून पडलं होतं. एक अजून वळवळत होता. मला भोवळ येत होती आणि चिरंजीव काडीने मोजत होते. "बाबा, अकरा! शाळेत आम्हालापण गोळी देतात ना, दहा फेब्रुवारीला? मग माझे का नाही दिसले?" त्याचे हात मी तीनदा साबणाने धुतले. माझे पाचदा.

त्याच दिवशी आईने कपाटातला शेवयांचा पुडा वरच्या काकूंना देऊन टाकला. संध्याकाळी काकूंनी कौतुकाने खीर करून पातेलीभर परत पाठवली.

दुसऱ्या डोसानंतरही आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. कितीदा, कशी, रंग कुठला. एरवी नवऱ्याला 'जेवलास का' विचारणारी बायको दुपारी ऑफिसात फोन करून "झाली" एवढंच म्हणायची.

परवा लोकलमध्ये, डोंबिवली सुटल्यावर, तिचा फोन आला. गर्दीत आवाज चढवावा लागतो.

"झाली? कशी? घट्ट? अगदी घट्ट? वा वा! फोटो काढून ठेव!"

शेजारचे गृहस्थ पेपर खाली करून मायेने हसले. "बाळ का? केवढं आहे?"

"दोन महिन्यांचं," मी सांगून टाकलं.

"वावडिंग देत जा. आणि घाबरू नका, दात येताना पोट बिघडतंच."

"आले की दात," मी म्हणालो. "सव्वीस."

ठाण्याला उतरणारे नव्हते ते, पण उतरले.