हसण्याने गोळ्या सुटतात का?

नाशिकमध्ये सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश वारंवार येतो. त्याचा आशय असा : रोज पंधरा मिनिटे मुद्दाम हसा, शरीराला खऱ्या-खोट्या हसण्यातला फरक कळत नाही, नैराश्य जाते, वजन उतरते आणि मनाच्या गोळ्या बंद करता येतात. पुरावा म्हणून हसून दुर्धर आजार घालवणाऱ्या एका अमेरिकी संपादकाचा दाखला असतो. गोल्फ क्लब मैदानावर ‘हो हो, हा हा’ करणाऱ्या मंडळींविषयी माझी काहीच तक्रार नाही, डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत पाच जणांना घेऊन सुरू केलेला हास्य क्लबचा हा उपक्रम आनंदाचा आहे. तक्रार आहे ती या संदेशाविषयी.

फरक कळत नाही, हे मुळात खरे नाही. ठरवून आणलेले हसू आणि आपसूक फुटलेले हसू मेंदूतल्या वेगवेगळ्या मार्गांनी चेहऱ्यापर्यंत येते. म्हणूनच पक्षाघाताच्या काही रुग्णांना ‘हसून दाखवा’ म्हटले की ओठांची एकच बाजू हलते. मात्र नातवाने काही गंमत केली की तेच रुग्ण दोन्ही बाजूंनी हसतात. अर्थात उसने हसू अगदीच वाया जाते असेही नाही. १९ देशांतल्या सुमारे ३,८०० जणांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हसरा चेहरा केल्याने थोडे बरे वाटते असे आढळले, पण थोडेच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट संदेशात आलेलीच नाही, ती म्हणजे सोबत. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०११ साली दाखवले की इतरांबरोबर मनापासून हसल्यानंतर वेदना सोसण्याची मर्यादा वाढते. निवृत्तीनंतर सिडकोतल्या घरात एकट्या राहणाऱ्या माणसाला सकाळी कोणीतरी आपली वाट पाहते याचाच आधार, माझ्या मते, व्यायामापेक्षा मोठा असतो.

संपादक म्हणजे नॉर्मन कझिन्स. दहा मिनिटे खळखळून हसल्यावर दोन तास वेदनेविना झोप लागते, असे त्यांनी १९७६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. मात्र त्याच काळात ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होते. एका रुग्णाच्या अशा अनुभवावरून गुण कशाने आला हे ठरवता येत नाही.

वजनाचे तर सोडूनच द्या. दहा-पंधरा मिनिटांच्या हसण्याने १० ते ४० कॅलरी खर्च होतात. मिसळीवरची तर्रीसुद्धा त्यात जिरणार नाही.

गोळ्यांचा मुद्दा मात्र धोक्याचा आहे. नैराश्यावरची औषधे एकाएकी थांबवली तर गरगरणे, झोप उडणे, अस्वस्थता असे त्रास होतात आणि आजारही उलटू शकतो; शिवाय ज्याला हसूच येत नाही, तो ‘आपणच कमी पडलो’ असे समजून आणखी खचतो. डोस कमी करायचा तर तो औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने करावा. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.