थुंकी तुम्ही देता, घेत नाही

आत्याचा खोकला तीन आठवडे हटत नाही म्हणून डॉक्टरांनी थुंकीची सीबीनॅट तपासणी लिहून दिली. ती म्हणाली, "मला नाही करायची. गटारातल्या जंतूंपासनं काहीतरी बनवून अंगात सोडतात, गीताच्या ग्रुपवर आलंय." ज्या मेसेजमुळे टीबीची तपासणी अडते, त्याला नुसतं 'फेक आहे गं' म्हणून भागत नाही.

मेसेजमध्ये एका छोट्या ट्यूबचा फोटो आहे. लेबलवर 'रिकॉम्बिनंट टॅक पॉलिमरेज, स्रोत ई. कोलाय, फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही.' खाली लाल अक्षरांत: हेच पीसीआर तपासणीतून तुमच्या शरीरात घालतात आणि जनुकं बदलतात. शोध लावणाऱ्यानेच ही तपासणी बोगस ठरवली आहे. नमुना वाढवत नेला की कोणीही पॉझिटिव्ह येतो. आणि सगळा परदेशी कंपन्यांचा धंदा.

लेबल खरं आहे. टॅक हे डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम. पीसीआरमध्ये नमुना फेरीफेरीने तापवून-निववून त्याच्या मदतीने डीएनए वाढवतात, आणि सीबीनॅट हीसुद्धा पीसीआरच. तशी ट्यूब आमच्या लॅबच्या उणे वीसच्या फ्रीझरमध्ये आत्ताही आहे. ग्लिसरॉलमुळे आतला द्रव गोठत नाही, पाकासारखा पिपेटच्या टोकाला चिकटून बसतो. त्यावर 'मानवी वापरासाठी नाही' लिहितात, कारण ते औषध नाही आणि रोगनिदानासाठी मंजुरी घेतलेलं किटही नाही. प्रयोगशाळेतल्या जवळजवळ प्रत्येक बाटलीवर असं काहीतरी असतंच.

पण अंगात घालतात म्हणजे कुठून? ही थुंकीची तपासणी आहे हो! तुम्ही कपात थुंकता, कप लॅबमध्ये जातो. थुंकीत द्रावण मिसळून पंधरा मिनिटं ठेवतात, कार्ट्रिजमध्ये ओततात, झाकण लावून यंत्रात सरकवतात. एन्झाइम त्या कार्ट्रिजच्या आत असतं, तुम्ही तोवर घरी चहा पीत असता. वापरलेली कार्ट्रिज जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. परत तुमच्याकडे येतो तो फक्त रिपोर्टचा कागद. नाकातल्या स्वॅबचंही तेच, काडीला एन्झाइम लावलेलं नसतं.

आता 'गटारातले जंतू'. टॅक मुळात ई. कोलायचं, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या त्या जिवाणूचं, नव्हेच. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांमधून थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू वेगळा केला आणि 1969 मध्ये 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'त त्याचं वर्णन छापलं. सत्तर अंशांच्या पाण्यात मजेत वाढणारा हा जीव, म्हणून त्याचं एन्झाइम पीसीआरमधले 95 अंश सोसतं. आधी ई. कोलायचं एन्झाइम वापरत, ते प्रत्येक फेरीत तापून निकामी व्हायचं आणि पुन्हा पुन्हा घालावं लागायचं. पुढे टॅकचं जनुक प्रयोगशाळेतल्या ई. कोलायमध्ये बसवलं, कारण ते वाढवायला सोपं. मग सगळं तापवायचं: ई. कोलायची बहुतेक प्रथिनं साकळून खाली बसतात, टॅक शाबूत राहतं. गटाराचा संबंध नाही.

आणि ई. कोलायचीच एवढी किळस असेल तर मधुमेहाच्या इन्सुलिनचं काय? 1982 पासून ते ई. कोलायमध्ये बनवलं जातंय, काही कंपन्या यीस्टमध्ये बनवतात. ते तर खरोखरच सुईने अंगात जातं. मेसेज पाठवणाऱ्यांच्या घरीही फ्रिजच्या दारात असेल.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते, नाइलाजाने का होईना. विकतच्या टॅकमध्ये ई. कोलायच्या डीएनएचे अंश राहू शकतात. 'नमुन्यात कुठलाही जिवाणू आहे का' असं शोधणाऱ्यांना त्याचा खरोखर त्रास होतो. पण सीबीनॅट टीबीच्या जंतूचंच जनुक शोधते, तिथे ई. कोलायचे तुकडे जुळत नाहीत. 'वाढवून पॉझिटिव्ह' याचंही उत्तर यातच आलं. जे नाहीच ते चाळीस फेऱ्यांनीही वाढत नाही. हाताने पीसीआर लावताना आम्ही एक ट्यूब नुसत्या पाण्याची ठेवतो, ती पॉझिटिव्ह आली तर त्या खेपेचे सगळे निकाल रद्द. हां, मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडला जातो, म्हणून टीबीचे उपचार कितपत लागू पडताहेत ते बघायला ही तपासणी वापरत नाहीत. पहिल्या निदानाला वापरतात, आणि आत्याला तेच हवंय.

मेसेजमधले 'शोध लावणारे' म्हणजे कॅरी मलिस, त्यांना पीसीआरसाठी 1993 चं नोबेल मिळालं. पीसीआरने कोणातही जवळपास काहीही सापडेल अशा अर्थाचं ते बोलले होते, हे खरं. विषय एचआयव्हीचा होता, आणि त्यातली त्यांची मतं वैज्ञानिकांनी साफ नाकारली. ऑगस्ट 2019 मध्ये ते वारले, म्हणजे कोरोनाच्या तपासणीवर त्यांचं मत चिकटवणाऱ्यांनी निदान तारीख तरी बघायची.

राहिला परदेशी धंदा. टॅकच्या पेटंटमधून रग्गड पैसा झाला, नाकारत नाही. पण ती पेटंटं केव्हाच संपली. सीबीनॅटसारखंच काम करणारं ट्रूनॅट गोव्याच्या कंपनीचं आहे, 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. ते यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज जाणाऱ्या तालुक्याच्या गावातही टीबी पकडता येतो. सरकारी केंद्रात त्याचे पैसे पडत नाहीत.