थायरॉइड, कोलेस्टेरॉल आणि तुमच्या वडिलांचा रिपोर्ट

नमस्कार,

थायरॉइड आणि कोलेस्टेरॉलवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘सगळं खापर थायरॉइडवर फोडून तुम्ही लोकांना कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सोडायला लावताय. माझे वडील दहा वर्षं थायरॉइडची गोळी घेतात, तरी त्यांचं एलडीएल उतरलेलं नाही’, असं तुम्ही लिहिलंय. यातलं निम्मं मला मान्य आहे. ‘थायरॉइड सुधारलं की कोलेस्टेरॉल आपोआप खाली येतं’ हे वाक्य मी सरसकट लिहायला नको होतं. लेखात ते आज दुरुस्त केलंय. गोळ्या सोडा असं मात्र मी कुठेही म्हटलेलं नाही.

थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल वाढू शकतं, हा मूळ मुद्दा मी सोडणार नाही. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून घेतात ते यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर. थायरॉइड हार्मोन कमी पडलं की हे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच रेंगाळतं. अशा वेळी यकृत कोलेस्टेरॉल तयारही कमीच करतं, पण उचल त्याहून जास्त मंदावलेली असते, म्हणून आकडा चढतो. माणूस पथ्य पाळून थकतो, रिपोर्ट हलत नाही आणि तो स्वतःलाच दोष देत बसतो. शिवाय नाडी मंदावते, रक्तवाहिन्या आवळल्या गेल्याने खालचं बीपी वाढतं, आणि फार दिवस दुर्लक्ष झालं तर हृदयाभोवतीच्या आवरणात पाणीही साठू शकतं.

हे मी पोटतिडकीनं लिहिते, कारण मी यातून गेले आहे. एलडीएल 190च्या वर गेलं म्हणून मला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुरू झालं. तीन आठवड्यांत जिना चढताना मांड्या अशा भरून यायच्या की मधल्या वळणावर कठडा धरून उभं राहावं लागे. गोळी बदलली, दुखणं तेच. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून बघा असं कोणी म्हटलंच नाही. शेवटी केली तेव्हा ती 38 होती, म्हणजे थायरॉइड खूपच मंद होतं (टीएसएच जितकी जास्त, तितकं थायरॉइड मंद). थायरॉइड मंद असताना स्टॅटिन घेतलं तर स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणून ही तपासणी स्टॅटिनच्या आधी व्हायला हवी. थायरॉइड ताळ्यावर आल्यावर माझं एलडीएल 140वर आलं. उरलेल्यासाठी मी आजही कमी डोसचं स्टॅटिन घेते आणि आता मांड्या दुखत नाहीत.

आता तुमच्या वडिलांबद्दल. गोळी चालू असणं वेगळं आणि टीएसएच आटोक्यात असणं वेगळं. ते गोळी उपाशीपोटी घेतात का? कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तिच्याबरोबरच जाते का? त्यात चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. हे सगळं नीट असेल, टीएसएचही नॉर्मल असेल आणि तरी एलडीएल जास्त असेल, तर कारण दुसरं आहे आणि त्याचे उपचार वेगळे करावे लागतील. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

फक्त कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून थायरॉइडचा डोस वाढवू नका. हा प्रयोग होऊन गेलाय. 1960च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांच्या एका गटाला डेक्स्ट्रोथायरॉक्सिन हे थायरॉइड हार्मोनचंच एक रूप दिलं होतं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण त्या गटात मृत्यू जास्त दिसू लागले आणि ते औषध मुदतीआधीच थांबवावं लागलं. जादा हार्मोनने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडंही ठिसूळ होतात. टीएसएच किंचितच वाढलेली असेल, म्हणजे 10च्या आत, तर उतारवयात गोळी लगेच सुरू करावी असंही नाही. मूळ लेखात हे राहून गेलं होतं, तेही आता घातलंय.

वडिलांची टीएसएच शेवटची कधी केली होती आणि किती आली होती, तेवढं बघून कळवाल? तोवर त्यांचं स्टॅटिन चालू असेल तर ते बंद करू नका.